नमुना कुठला घेतला, ते आधी सांगा!

परवा दवाखान्यात एक गृहस्थ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. कुठल्याशा वनस्पतीच्या अर्काने उंदरांच्या तोंडातील पायोरियाचे जंतू नाहीसे झाले, अशी बातमी होती. "मग डॉक्टर, माझ्या हिरड्या कशाला खरवडायच्या?" हा त्यांचा सवाल. बातमी खोटी असेल असे नाही. पण जंतूंचा नमुना उंदराच्या तोंडात नेमका कुठून घेतला, याबद्दल तीत अवाक्षर नव्हते. माझ्या मते सारे तिथेच ठरते.

जीभ, गाल, दाताचा वरचा भाग आणि हिरडीखालची खाच, प्रत्येक ठिकाणची जंतूंची वस्ती निराळी असते. खोल खाचेत प्राणवायू फारच कमी. पायोरियाशी संबंध असलेले बरेच जंतू तिथेच दडून असतात. गालावरून कापसाचा बोळा फिरवला तर ते हाती लागतीलच, असे नाही. माणसात किंवा कुत्र्यात यावर उपाय आहे. दातावरचा थर आधी पुसून घ्यायचा, लाळ लागू द्यायची नाही आणि निर्जंतुक कागदाची निमुळती काडी खाचेत काही सेकंद ठेवायची. (रूट कॅनॉल कोरडा करायला आम्ही वापरतो तीच.) जंतू वाढवून पाहायचे असतील तर ती लगेच खास द्रवात टाकावी लागते, कारण यातील अनेकांना हवा सोसत नाही.

उंदराची खाच ती केवढी! म्हणून त्याच्या दाताभोवती रेशमी दोरा बांधून विकार निर्माण करतात आणि पुढे तोच दोरा काढून त्यावरचे जंतू तपासतात. बोळ्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. शिवाय उंदीर स्वतःच्या लेंड्या खातो, तेव्हा बोळ्यावर आतड्यातले जंतूही येऊ शकतात. हे ऐकून आमच्या गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला.

आता खरी मेख पाहा. २०११ साली हाजिशेंगालिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवून दिले की, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू अगदी नगण्य संख्येने असला तरी बाकीच्या जंतूंची घडी बिघडवतो आणि जबड्याचे हाड झिजते. जंतुरहित वाढवलेल्या उंदरांत हाच जंतू एकटा सोडला, तर हाड झिजले नाही. असा मूठभर संख्येतला जंतू ढोबळ नमुन्यात सापडला नाही, म्हणून तो गेला असे कसे म्हणायचे?

कुत्रा माणसाला जवळचा, त्याला पायोरिया आपसूकही होतो. तरी २०१२ साली त्याच्या तोंडातील जंतूंची मोजदाद प्रसिद्ध झाली, तेव्हा ३५३ प्रकारांपैकी माणसाशी जुळणारे निघाले अवघे १६.४ टक्के.

प्राण्यांवर प्रयोगच नकोत, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. दातांवर थर साचू दिला तर हिरडीची सूज पुढे हाडापर्यंत पोहोचू शकते, हे लिंडे, हाम्प आणि लोए यांच्या बीगल कुत्र्यांवरील चार वर्षांच्या अभ्यासातून (१९७५) स्पष्ट दिसले. आम्हा दंतवैद्यांवर ते ऋणच आहे. पण उंदराचे हाड मोजायचे तर बहुधा त्याचा जीव जातो. तो जीव घेऊन नमुना मात्र निष्काळजीपणे घेतला, तर ती शुद्ध नासाडी. जागा, साधन आणि वेळ हे तीन तपशील नसलेला निबंध नियतकालिकांनी परत पाठवावा आणि वर्तमानपत्रांनीही (आमचेही त्यात आले) बातमीत त्यासाठी एक ओळ राखावी. असल्या बातमीवर विसंबून कुणी सहा महिने उपचार लांबवतो आणि मग हलणारा दात घेऊन येतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

त्या गृहस्थांची खाच सहा मिलिमीटर निघाली. मंगळवारी त्यांना खरवडण्यासाठी बोलावले आहे. कात्रण त्यांनी माझ्याकडेच ठेवले.