वाट आम्हाला पाठ, पाहुण्याला नाही

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर आहे. मध्ये डांबरी रस्ता नाही, पाणंद आहे. तिच्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटरसायकली, शेळ्या आणि आम्ही शाळेची मुले असे सगळे जातो. आण्णा म्हणतात, "मला ही वाट डोळे झाकून येते." पण माझे मत असे आहे की, ज्याला वाट पाठ आहे त्यानेच जास्त काळजी घेतली पाहिजे. का ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात आमची गाय अडली. रात्रीचे नऊ वाजले होते. आण्णांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते मोटरसायकलवर लगेच निघाले. दहा वाजले, साडेदहा वाजले, तरी डॉक्टर येईनात. मग दादा बॅटरी घेऊन बघायला गेला. तर डॉक्टर चिंचेजवळ चिखलात बसलेले आणि गाडी आडवी. तिथे एकाने पाइपलाइनसाठी पाणंद आडवी खणली होती. चारी मातीने बुजवली, पण माती ठोकली नव्हती. त्यात पाऊस पडला. वरून सपाट दिसायचे आणि आत नुसती लापशी! पुढचे चाक अर्धे आत गेले. डॉक्टरांचा हात मोडला. तरी ते दादाच्या खांद्याला धरून चालत आले. ते सांगत राहिले आणि आण्णांनी ओढले. गाय वाचली. वासरू मेलेले निघाले. कालवड होती.

सगळ्यांनी चारी खणणाऱ्याला शिव्या दिल्या. मी गप्प बसले. कारण त्याच दिवशी शाळेतून येताना माझा पाय तिथे घोट्याच्या वर आत गेला होता. चप्पल अडकली होती. मी ती ओढून काढली, पाय धुतले आणि घरी आले. कोणालाच काही बोलले नाही. बोलले असते तर आण्णांनी फोनवरच सांगितले असते, "चिंचेजवळ जपून या."

आमच्याकडची जमीन काळी आहे. गुरुजींनी शिकवले की काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. पाऊस उघडला की दोन उन्हांत वरची पापडी वाळते, खाली मात्र ओलच असते. पेरणीच्या आधी सगळे शेतकरी माती मुठीत दाबून वाफसा बघतात. मग ट्रॅक्टर पाणंदीत घालताना का बघत नाहीत? बियाला वाफसा लागतो आणि चाकाला लागत नाही काय?

बांधाच्या कडेला गवत असते. गवताखाली कड पोकळ झालेली असते. ट्रॅक्टरचे चाक त्यावर गेले की कड ढासळते आणि ट्रॅक्टर उलटतो. म्हणून मडगार्डवर मुलांना बसवू नये. मला तिथे बसायला फार आवडते, तरी पण बसवू नये.

वळणावर कठडा नसलेली विहीर आहे. उन्हाळ्यात ती लांबून दिसते. पावसाळ्यात भोवती गवत आणि घाणेरी माजते, शेजारी ऊस माणसाच्या दुप्पट होतो. मग वळण पण दिसत नाही आणि विहीर पण दिसत नाही.

आणि ओढा. पाणी गढूळ असले की खाली फरशी आहे की वाहून गेली ते वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात पडला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. पुढे पूल नाही हे अंधारात दिसलेच नाही. तो तर हायवे होता. आमच्या फरशीवर दिवा पण नाही. जोरात वाहणारे फूट-दोन फूट पाणी मोटारीला सुद्धा ढकलून नेते. पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावे, उशीर झाला तरी चालेल. नुसते साचलेले डबके असेल तर उतरून काठीने खोली बघावी.

हे मी घरी बोलले तेव्हा चुलते हसले. म्हणाले, "पाणंद म्हणजे काय हायवे आहे का, पाट्या लावायला?" पण पाटी लागतच नाही. बाभळीची एक फांदी आणि लाल चिंधी लागते. रात्री चिंधी दिसत नाही, म्हणून चुना फासलेले दोन दगड ठेवावेत. ज्याने खणले त्याने ठेवावेत. त्याने नाही ठेवले तर ज्याला आधी दिसेल त्याने ठेवावेत, तो लहान असला तरी. कोणी म्हणेल, वाट अडवली म्हणून भांडण होईल. झाले तर होऊ दे.

सरकारने २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्री योजना काढली. आमची पाणंद खडीची झाली तर मला आनंदच होईल. पण खडीच्या रस्त्यात सुद्धा कोणीतरी पाइपलाइन टाकणारच की!

डॉक्टरांचा हात आता बरा झाला आहे. ते निघायच्या आधी फोनवर विचारतात, "वाट कशी आहे?" आण्णा मला हाक मारतात, कारण मी रोज चालत येते. काल मी सांगितले, "ओढ्याच्या अलीकडे डाव्या चाकोरीत खड्डा पडलाय. फांदी लावलीय, तिच्या उजवीकडून या."

— इयत्ता ४ थी