सीलंटच्या चाचणीत घाई नको

आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत पंखाची पोकळी हीच इंधनाची टाकी असते आणि तिचे सांधे पॉलिसल्फाइडसारख्या सीलंटने बुजवलेले असतात. प्रयोगशाळेत या सीलंटचा थर गरम इंधनात आणि मिठाच्या पाण्यात भिजत ठेवतात, मग यंत्राने धातूवरून सोलतात. थर स्वतः फाटला तर पास. धातू उघडा पाडत अख्खा सुटून आला तर नापास. ही चाचणी वेळखाऊ आहे, आणि ती तशीच राहायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या एफ-१११ लढाऊ विमानांतलं सीलंट उष्णता आणि ओलाव्यापुढे टिकलं नाही, टाक्या गळू लागल्या. १९७७ पासून अँबर्ली तळावरच्या दुरुस्ती मोहिमांत माणसं त्या अरुंद टाक्यांत शिरून घातक रसायनं हाताळत राहिली. अनेकांनी आजारपणाच्या तक्रारी केल्या. २००० साली काम थांबवून चौकशी मंडळ नेमावं लागलं.

विमानाचं वीस-तीस वर्षांचं आयुष्य काही आठवड्यांच्या चाचणीत कसं मावणार, हा आक्षेप रास्तच आहे. पण म्हणून चाचणी आखडती घ्यायची नसते; उष्णता, ओलावा, इंधन आणि ताण यांचा एकत्रित मारा करून ती वाढवायची असते. खर्चाचं रडगाणं गाणाऱ्यांनी टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या तब्येतीचा खर्चही हिशेबात धरावा.