पीयूसीच्या कागदावर रिकॉलही छापा

जुलै २०२४ मध्ये सुझुकीने अ‍ॅक्सेस, अ‍ॅव्हेनिस आणि बर्गमन मिळून ३,८८,४११ स्कूटर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष इग्निशन कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरचा. ती तुटली की इंजिन बंद पडतं. आणि तुटल्या जागी पाणी लागलं तर करंट बाहेर फुटून स्पीड सेन्सर, थ्रॉटल सेन्सरही जाऊ शकतो. रत्नागिरीत, नाचण्याला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. ते वाचून धस्स झालं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडी कोरडी राहते कुठे?

थ्रॉटल सेन्सर दिसायला एवढासा. मूठ किती पिळली हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, कळवतो, त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. २०२० मध्ये बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, सगळी भिस्त अशा नाजूक पार्टवर आली. नवा घातलेला सेन्सर चार दिवसांत पुन्हा गेला, तर मी आधी वायर बघतो. शटर ओढून अंधारात स्टार्टर मारायचा; वायर फुटली असेल तर निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते.

रिकॉलचं काम फुकट होतं, हेच गिऱ्हाइकाला माहीत नसतं. मिरकरवाड्यातून मच्छी घेऊन गावोगाव विकणाऱ्या एका ताईंनी कोल्हापूरहून जुनी स्कूटर घेतली, दुसऱ्याच कंपनीची. चासी नंबर टाकून पाहिला तर रिकॉल बाकी. निरोप गेला होता पहिल्या मालकाला. ताई म्हणाल्या, "दादा, पुस्तकावर नाव माझं, मग निरोप त्याला कसा?"

बिनतोड प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम ११०-अ आलं, सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. दंड १० लाख ते १ कोटी. कंपनीला धाक बसला, चांगलंच झालं. पण हात बदललेल्या गाडीचं काय? आजच्या मालकाचं नाव सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आहे. पीयूसी सेंटर त्याच पोर्टलला जोडलेलं आहे आणि आजकालची गाडी वर्षाला एकदा तिथे येतेच. कंपन्यांनी रिकॉलचे चासी नंबर पोर्टलवर चढवावेत. नंबर जुळला की पीयूसीच्या कागदावर 'रिकॉल बाकी, काम मोफत' असं मराठीत छापून यावं, नाव ट्रान्स्फर होतानाही मालकाला सांगावं. परिवहन खात्याने सुरुवात एमएच-०८, म्हणजे आमच्या रत्नागिरीपासून करावी, आणि मृग लागायच्या आत करावी.