लाचित बोरफुकन : पुतळ्यापलीकडचे स्मरण

आसाममधील जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार येथे ९ मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाचित बोरफुकन यांच्या कांस्यपुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा ८४ फुटांचा, चौथरा ४१ फुटांचा. एकूण उंची १२५ फूट. आहोम राज्याच्या या सेनापतीची समाधी ज्या भूमीत आहे, तेथेच हे स्मारक उभे राहिले. ते साकारले धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी जन्मलेल्या शिल्पकार राम सुतार यांनी. ईशान्य सीमेवरील वीराला मराठी शिल्पकाराने आकार द्यावा, ही घटना एकात्म राष्ट्रजीवनाची साक्ष देणारी आहे.

परंतु हा वीर कोण, असा प्रश्न महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबात विचारला तर उत्तर मिळेलच याची खात्री नाही. दिल्लीच्या तख्ताभोवती फिरणाऱ्या इतिहासलेखनाने ब्रह्मपुत्रेच्या काठचा पराक्रम दीर्घकाळ समासात ठेवला. वस्तुतः त्या पराक्रमाचा धागा थेट शिवचरित्राशी जोडलेला आहे. १६६६ साली आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी औरंगजेबाकडे जामीन राहिला तो मिर्झाराजे जयसिंहांचा पुत्र रामसिंह. महाराज निसटले आणि रामसिंहावर बादशहाची खप्पा मर्जी झाली. पुढे त्याच रामसिंहाला आसामच्या मोहिमेवर धाडण्यात आले. तेथे त्याच्यासमोर उभे ठाकले लाचित. एका रजपूत सरदाराचे शौर्य बादशहाच्या चाकरीत खर्ची पडावे आणि दुसऱ्या टोकाला लाचितांनी स्वराज्यासाठी देह झिजवावा, हा विरोधाभास अंतर्मुख करणारा आहे.

मीर जुमल्याच्या स्वारीनंतर १६६३ साली आहोमांना मानहानिकारक तह स्वीकारावा लागला होता. गुवाहाटी मोगलांकडे गेली होती. राजा चक्रध्वज सिंहाने तो कलंक पुसण्याचा निश्चय केला आणि १६६७ मध्ये लाचितांनी गुवाहाटी परत जिंकली. १६६९ साली आलाबोईच्या मैदानात मात्र आहोम सैन्याची भीषण हानी झाली. त्या आघाताने लाचित खचले नाहीत. उघड्या मैदानावरील लढाई टाळून शत्रूला नदीच्या अरुंद पात्रात ओढायचे, हा त्यांचा डाव होता. मार्च १६७१ मध्ये सराईघाट येथे तो यशस्वी झाला. ज्वराने ग्रासलेले सेनापती नौकेत चढले, माघार घेणाऱ्या आपल्या नौका वळल्या आणि मोगल आरमार पराभूत झाले. त्याच्या आदल्याच वर्षी इकडे मराठ्यांनी सिंहगड परत घेतला होता.

तथापि आसामच्या लोकमानसात सर्वाधिक रुजली आहे ती एका तटबंदीची कथा. गुवाहाटीच्या रक्षणासाठी मातीचा तट एका रात्रीत पुरा करायचा होता. त्या कामावर लाचितांचे मामा होते. रात्री पाहणीस आलेल्या लाचितांना काम रेंगाळलेले दिसले. देशापेक्षा मामा मोठा नाही, असे म्हणून त्यांनी मामांना देहदंड दिला, अशी परंपरा सांगते. तो तट आजही ‘मोमाई कटा गड’ या नावाने ओळखला जातो. आजच्या काळात शिक्षेची ती कठोरता कोणी मागणार नाही. पण आप्त असो वा परका, हाती घेतलेल्या राष्ट्रकार्यात कुचराईला क्षमा नाही, हा त्यामागील दंडक कालबाह्य झालेला नाही.

हा दंडक महाराष्ट्राला आठवावा लागला तो मालवणमध्ये. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी कोसळला. ज्यांनी सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग सागराच्या छातीवर उभारला, त्यांचा पुतळा त्याच परिसरात वाऱ्यापावसात टिकू नये, याहून मोठी नामुष्की कोणती? विरोधकांनी राजकारण केले, एवढे म्हणून राष्ट्रभक्तांची सुटका होत नाही. त्यांची वेदना अधिक खोल असली पाहिजे आणि त्यांचे प्रश्नही अधिक कठोर असले पाहिजेत. समारंभाची तारीख गाठण्याची घाई आणि जोडकामातील ढिलाई, ही भक्तीची लक्षणे नव्हेत. २०२५ साली तेथे नवा पुतळा उभा राहिला, तोही राम सुतारांच्याच शिल्पशाळेतून, हे समाधानाचे आहे. धडा मात्र विसरता कामा नये.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला १९९९ पासून लाचित यांच्या नावाचे सुवर्णपदक दिले जाते. म्हणजे लाचित महाराष्ट्रात केव्हाच आले आहेत. महाराष्ट्राने त्यांना घरात घेणे बाकी आहे. २४ नोव्हेंबरला आसाम लाचित दिन साजरा करतो. त्या दिवशी येथील शाळांत, शाखांत आणि कुटुंबांत सराईघाटाची कथा सांगितली गेली पाहिजे. आणि प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वाट्याचा तट रात्र सरण्यापूर्वी पुरा झाला आहे की नाही, हेही तपासून पाहिले पाहिजे. कांस्य पूजेने टिकत नाही, ते चोख कामाने टिकते. राष्ट्राचेही तसेच आहे.