‘ते येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांना

हैदराबादेत मराठी मंडळींचे बरेच कार्यक्रम भाड्याच्या फंक्शन हॉलमध्ये होतात. दिलसुखनगरसारख्या गजबजलेल्या भागात हॉल ठरवताना भाडे, पार्किंग, जेवणाची सोय, साउंड सिस्टिम सगळे बघितले जाते. पायऱ्या किती, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारा म्हटले, की ठरलेली तीन उत्तरे येतात. ती देणारी माणसे भली असतात, म्हणूनच ती उत्तरे तपासायला हवीत.

पहिले उत्तर : ‘व्हीलचेअरवरचे लोक आपल्याकडे येतच नाहीत.’ निरीक्षण खरे, निष्कर्ष उलटा. अमीरपेट ते एल. बी. नगर मेट्रो २४ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. दिलसुखनगर स्थानक रस्त्याच्या वर, उंच खांबांवर आहे. तरी लिफ्टने खाली उतरता येते. मेट्रोने इथवर आणलेल्या माणसाला पहिल्या मजल्यावरचा हॉल परत पाठवतो. पुढच्या वेळी तो फोनवरच ‘जमणार नाही’ म्हणतो आणि मंडळाच्या लेखी ‘न येणारा’ ठरतो. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. गुडघे धरलेल्या आजी आणि बाबागाडी घेऊन आलेली आई त्या आकड्यात नाहीत, पण जिन्यापाशी त्याही थबकतात.

दुसरे उत्तर : ‘उचलून नेऊ की! पोरं आहेत ना.’ आपुलकीबद्दल शंका नाही. पण उचलून नेलेला माणूस पाणी पितानाही विचार करतो, कारण स्वच्छतागृहापर्यंत जायला पुन्हा चौघांना हाक मारावी लागणार. भाषण कंटाळवाणे झाले तर हळूच उठून जाण्याची मुभा प्रत्येक श्रोत्याला असते. ती त्याला नसते. अशीच आपुलकी मंचावरही दिसते. ‘माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको,’ म्हणत वक्ते माईक बाजूला सारतात, टाळ्या मिळतात, आणि श्रवणयंत्र लावलेले आजोबा पुढचा तासभर नुसते ओठ बघत बसतात.

तिसरे उत्तर खर्चाचे, आणि त्यात तथ्य आहे. भाडेकरू मंडळ लिफ्ट बसवू शकत नाही. खुणांच्या भाषेचे दुभाषे कमी आहेत आणि त्यांचे मानधन द्यायलाच हवे. रॅम्पही स्वस्तात होत नाही : एकास बारा या प्रमाणात उतार द्यायचा तर दोन फुटी मंचाला चोवीस फूट लांबी लागते. मधेच टेकवलेली लाकडी फळी म्हणजे अपघाताला आमंत्रण. पण मंच दोन फुटी हवाच, हे कुणी सांगितले? सहा इंचांच्या चौथऱ्याला सहा फूट पुरतात. हॉल तळमजल्याचा घेणे, व्हीलचेअरची जागा मागच्या कोपऱ्याऐवजी रांगांच्या मधे ठेवणे, श्रोत्यांचे प्रश्नही माईकवरूनच घेणे, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणे, बुफेशेजारी बसून जेवायला टेबले मांडणे, यांना पैसा थोडा आणि आधी विचार जास्त लागतो. निमंत्रणात ‘दाराशी तीन पायऱ्या आहेत’ एवढे छापायला तर काहीच लागत नाही. ज्याला यायचे आहे तो मग स्वतःचा निर्णय स्वतः घेतो.

कायद्याचे म्हणाल, तर २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क मान्य करतो. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम बेकायदा ठरवला. त्या निकालाला आधार असलेला अहवाल याच शहरातल्या नालसार विधी विद्यापीठाच्या अपंगत्व अभ्यास केंद्राने तयार केला होता. छोट्या मंडळावर या निकालाचा बडगा येईलच असे नाही. पण सरकारलाही जे ‘जमल्यास बघू’ म्हणता येत नाही, ते आपण किती दिवस म्हणायचे?

मंडळे हॉलमालकांची गिऱ्हाइके आहेत, हे ती विसरतात. गिऱ्हाइकांनी मागितले म्हणून जनरेटर आले, एसी आले. ॲडव्हान्स देण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने पायऱ्या, दाराची रुंदी आणि स्वच्छतागृह यांची चौकशी केली आणि न पटल्यास पैसे दुसऱ्या हॉलला दिले, तर रॅम्पही येतील.