लेकीतून लेक वजा करणाऱ्या सरांना

सर,



तुमचा मेसेज मिळाला. धाकट्याचं नाव तुमच्या कॉलेज-प्रवेशाच्या मार्गदर्शनासाठी आत्ताच नोंदवलं तर फीमध्ये सवलत, कारण आम्ही तुमचं 'जुनं कुटुंब'. थोरलीबद्दल त्यात एकच ओळ होती. "शेवटी ही लॉटरीच असते हो, मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतली आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कारण एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत कितीतरी मराठी घरांत तुमचा शब्द प्रमाण मानला जातो आणि पुढच्या वर्षी बारावीत जाणाऱ्या मुलांचे आईबाप तुमच्या अपॉइंटमेंटसाठी थांबून आहेत. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुमच्यासारखे इथे बरेच आहेत, त्यांनीही हे आपल्यालाच लिहिलं आहे असं समजावं.

आपली ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. महाप्रसादाच्या रांगेत तुम्ही लेकीला विचारलंत, "नववीत ना? मग उशीरच झाला म्हणायचा." सगळे हसले. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. थोड्याच दिवसांत आम्ही तिघं तुमच्या बेसमेंटमधल्या ऑफिसात बसलो होतो. भिंतीवर कॉलेजांच्या त्रिकोणी पताका, टेबलावर बाकरवडी. आमच्याशी तुम्ही मराठीत बोलत होतात, तिच्याशी इंग्रजीत. मग तुम्ही एक्सेलचं पान उघडलंत. रीच, टार्गेट, सेफ्टी, आणि प्रत्येक कॉलेजापुढे लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटीत टक्के. "आत्ताच्या प्रोफाइलला आठ. आपण काम केलं तर वीसपर्यंत नेऊ." ह्यांनी तेव्हाच विचारलं होतं, हे वीस आले कुठून? तुम्ही म्हणालात, अनुभवातून.

तेव्हा लॉटरी हा शब्द तुमच्या तोंडी नव्हता, सर. लॉटरीच्या तिकिटाला कुणी काही हजार डॉलर मोजत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

तुम्हाला आणखीही बरंच माहीत होतं. हार्वर्डच्या २०२५ च्या बॅचसाठी ५७,४३५ अर्ज आले आणि १,९६८ मुलांना प्रवेश मिळाला, हे कुणीही सांगेल. शंभरात साडेतीनही नाहीत. पण हे साडेतीन सगळ्यांना सारखे नसतात, ही गोष्ट त्या बेसमेंटमध्ये एकदाही निघाली नाही. हार्वर्डवर २०१४ मध्ये जो खटला भरला गेला त्यात विद्यापीठाची आतली आकडेवारी बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी तिघांतल्या साधारण एकाला प्रवेश मिळत होता. त्याच कागदांवरून अर्थशास्त्रज्ञांनी काढलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के मुलं खेळाडू म्हणून निवडलेली, माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची किंवा देणगीदारांसारख्या खास यादीतली होती. म्हणजे पंगतीतले पुष्कळ पाट आधीच अडवून ठेवलेले. माझा नवरा व्हीजेटीआयचा, मी रुईयाची. आमच्या लेकीचा खरा आकडा छापलेल्या साडेतीनच्याही खाली होता. तुम्ही तो वीस केलात आणि त्याला हिरवा रंग दिलात.

असो. पैसे गेले त्याचं दुःख नाही. आम्ही दोघं नोकरी करतो, घर आहे, मॉर्गेज आहे. आमची गणना गरिबांत होत नाही. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणालाच, "अगं, रटगर्समध्ये कंप्युटर सायन्स मिळालंय तिला, आणि तू रडतेस?" त्याच्या मुलाने जेईईसाठी दोन वर्षं खोलीच्या बाहेर तोंड काढलं नाही. त्याचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त त्याच्या मुलाला निदान एवढं कळलं की किती मार्कांनी हुकलं. माझ्या मुलीला काय हुकलं तेच कळायला मार्ग नाही, आणि त्याला कारण तुम्ही.

भाजी निवडावी तशी तुम्ही तिला निवडायला बसलात. व्हायोलिन बाजूला. "ऑर्केस्ट्रात निम्मी मुलं आपली आणि चायनीज, ॲडमिशन ऑफिसरला झोप येते." मॅथ टीम बाजूला. हॉस्पिटलमधलं व्हॉलंटियरिंग बाजूला, कारण "भारतीय मुलगी आणि डॉक्टर, पुढे काय ते सगळ्यांना ठाऊक." रविवारची मराठी शाळा तर पहिल्याच बैठकीत गेली. जागी काय आलं? एक 'पॅशन प्रोजेक्ट'. जुने चष्मे गोळा करणारी संस्था, संस्थापक आमची लेक, वेबसाइट तुमच्या पुतण्याने बनवलेली. चष्मे कुणाला मिळाले हे मी शेवटी विचारलं तेव्हा ते आमच्याच गॅरेजमध्ये तीन खोक्यांत निघाले. कॉमन ॲपच्या सामाईक प्रवेश-अर्जात दहा ॲक्टिव्हिटी मावतात, प्रत्येकीला दीडशे अक्षरं, स्पेस धरून. त्या दीडशे अक्षरांत ते चष्मे फार सुंदर दिसत होते.

हा काही तुमचा शोध नव्हे, हेही सांगते. त्या खटल्यातच उघड झालं होतं की हार्वर्डचे प्रवेश अधिकारी प्रत्येक अर्जाला एक 'पर्सनल रेटिंग' देत. मूल आवडण्याजोगं आहे का, धीट आहे का, दयाळू आहे का. आशियाई मुलांना गट म्हणून त्यात कमी गुण मिळत. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र तीच मुलं गोऱ्या मुलांइतकीच बरी वाटत. समोर बसून बोललेल्या माणसाला पोरगं आवडतं आणि कागद वाचणाऱ्याला आवडत नाही. खालच्या कोर्टाने यात जाणूनबुजून भेदभाव नाही असा निकाल दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंशाचा विचार करून प्रवेश देणंच बंद केलं, हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. माझी तक्रार एवढीच आहे की त्या कागद वाचणाऱ्याची नजर तुम्ही आमच्या घरात आणून बसवलीत. तो निदान वर्षातून एकदा, काही मिनिटं बघतो. तुम्ही दर गुरुवारी बघत होतात.

आता निबंध. साडेसहाशे शब्दांची मर्यादा. पहिला मसुदा तिने मला न दाखवता लिहिला होता. मी तो पुढे गूगल डॉकच्या जुन्या आवृत्त्या उघडून वाचला. मराठी शाळेत ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवायची. त्यात एक मुलगा होता, त्याला 'ळ' यायचा नाही. बाळ म्हणायच्या जागी बाल, कमळ म्हणायच्या जागी कमल. हिने त्याच्यासाठी खेळ रचले. जीभ टाळूला लावून गुळण्या, 'काळे राळे, गोरे राळे'ची शर्यत, 'ळ' आला की डोळा मारायचा. महिनोन् महिने काही होईना. आणि एका रविवारी पार्किंग लॉटमध्ये त्याने गाडीच्या खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "ताई, केळं!" पुढे तिने लिहिलं होतं की तिचा स्वतःचा 'ळ' आजीने असाच घासून घेतला होता, आजी इचलकरंजीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली तेव्हा. निबंध कच्चा होता, मधला भाग लांबला होता. पण वाचताना ती दिसत होती.

समासात तुमची टिप्पणी तशीच होती. "गोड आहे. पण इंडियन किड आणि लँग्वेज क्लास, रोज दहा येतात. हुक कुठे आहे?"

मग कोर्टाच्या निकालानंतर कॉलेजांनी अर्जात 'तुमची पार्श्वभूमी सांगा' अशा तऱ्हेचे प्रश्न घातले आणि तुमचं धोरण एका बैठकीत फिरलं. आता आयडेंटिटी चालेल, पण तिला जखम हवी. मी त्या दिवशी वरच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. "शाळेत डब्यावरून कुणी चिडवलं होतं का?" "नाही." "नावावरून?" "सगळे नीट म्हणतात." "आठव जरा." ती आठवत बसली. सतरा वर्षांची, मैत्रिणींत रमणारी, इथेच जन्मलेली मुलगी, आपला कुणी अपमान केला होता का ते शोधत होती. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी त्या निकालात लिहिलं आहे की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी लिहू शकतो, मग तो भेदभावातून असो, प्रेरणेतून असो की आणखी कशातून. प्रेरणा तिथे छापलेली आहे, सर. तुम्हाला भेदभावच तेवढा उपयोगाचा वाटला.

शेवटी तिने डब्याबद्दल लिहिलं. पोह्यांना वास येतो म्हणून मुलं दूर सरकली, असं काहीतरी. ती मुलं माझ्या घरी येऊन पोहे मागून खातात. निबंध उत्तम झाला. तुम्ही तीन उद्गारचिन्हं टाकलीत.

मार्चच्या शेवटी, ठरल्या संध्याकाळी, आयव्ही लीग कॉलेजांचे निकाल एकापाठोपाठ उघडले. त्याआधी डिसेंबरमध्ये अर्ली डिसिजनवाल्यांनी पुढे ढकललं होतंच. एकाने वेटलिस्टवर टाकलं, बाकीच्यांनी नाही म्हटलं, फार सभ्य भाषेत. ती रडली नाही. जेवताना म्हणाली, "आई, मी जशी आहे तशी नको म्हणाले असते तर चाललं असतं. त्यांनी मला बघितलंच नाहीये." ह्यांनी वरणाची वाटी उगाच सरकवली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तुमच्या मेसेजमध्येही नव्हतं.

कॉलेजांना मी सोडत नाहीये. हार्वर्डच्या राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की सॅटचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या मुलांना आयव्ही आणि तिच्या बरोबरीच्या कॉलेजांत जायची संधी मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. त्याच्या कारणांत माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत, खेळाडू आहेत आणि अभ्यासाबाहेरचे 'गुण' आहेत, जे बहुधा महागड्या खासगी शाळांतल्या मुलांकडेच भरपूर सापडतात. रिक सिंगर नावाच्या तुमच्या एका व्यवसायबंधूने लाच देऊन मुलं आत घातली, ते २०१९ मध्ये उघड झालं आणि २०२३ मध्ये त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. तुम्ही तसं काही केलं नाहीत, कायद्याच्या रेषेला तुमचा पायही लागला नाही. पण त्याने निदान पैसे देणाऱ्यांची मुलं आत नेली, असं आमचे हे कडवटपणे म्हणतात. मी त्यांना गप्प केलं. तरी वाक्य डोक्यातून जात नाही.

तर आता तुमच्या मेसेजचं उत्तर. धाकट्याचं नाव नोंदवायचं नाही. तो नववीत आहे, बुद्धिबळ खेळतो, गणितात रमतो, मोठेपणी डॉक्टर व्हायचं म्हणतो. तुमच्या हिशेबात तो पहिल्या पानावरच बाद आहे, आणि त्याला तसाच राहू द्यायचा आमचा विचार आहे.

दुसरं, येत्या महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये तुमचं व्याख्यान आहे. त्यात चष्म्यांच्या संस्थेची स्लाइड तुम्ही 'केस स्टडी' म्हणून दाखवता, असं मागच्या वेळी आलेल्या मैत्रिणीने सांगितलं. ती काढा. मी पहिल्या रांगेत असेन. आठाचे वीस कसे होतात ते तिथे सगळ्यांसमोर विचारणार आहे, तेव्हा 'अनुभव' सोडून दुसरं काही उत्तर असेल तर घेऊन या.

आणि तिसरं. ते डॉक तुमच्या खात्यावर आहे आणि मे महिन्यापासून आमची परवानगी काढून घेतलेली आहे. तिचा पहिला मसुदा आम्हाला पाठवा. तुमच्या खुणा काढायची गरज नाही. रटगर्स घरापासून जवळ असल्याने ती सप्टेंबरपासून रविवारी पुन्हा शाळेत शिकवायला जाणार आहे. नव्या वर्गात दोन मुलांना 'ळ' येत नाही, आणि तिने रचलेले ते सगळे खेळ ओळीने त्याच कागदावर लिहिलेले आहेत.

कळावे,
जुन्या कुटुंबातली एक आई
एडिसन, न्यू जर्सी