हिंट मागण्यात कमीपणा कसला?

मंडळी, 'एस्केप रूम' हा प्रकार तुमच्यापैकी कितीजणांनी खेळलाय कोण जाणे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पैसे देऊन स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि तासाभरात कोडी सोडवत, कुलपं उघडत बाहेर पडायचं. हे ऐकून आमचे 'हे' म्हणाले, "आमचे वडील फुकट कोंडायचे!" आणि घरीच राहिले. मला मात्र खेळ आवडला. त्यावरून एक मत झालंय, ते मांडते.

खेळ तसा तरुण आहे. बंद खोलीतून सुटायचे कॉम्प्युटर गेम आधी होतेच. खऱ्या खोलीत तो आणला जपानमधल्या ताकाओ कातो यांनी, २००७ साली, क्योतोमध्ये. २०११ पर्यंत बुडापेस्टमध्येही सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. आम्ही मे महिन्यात पुण्याला गेलो होतो तेव्हा मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं आणि मी असे पाचजण शिरलो. निवडायला होतं काय, तर भुताचा बंगला, बँकेवरचा दरोडा आणि तुरुंग. (१६६६ सालची आग्र्याहून सुटका ज्या मातीतली, तिथे पेटाऱ्यांची एखादी खोली नको का हो? असो.) आम्ही तुरुंग घेतला. मोबाईल बाहेर कपाटात, भिंतीवर साठ मिनिटांचं उलटं धावणारं घड्याळ, कोपऱ्यात कॅमेरा. अडलात तर कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचा, बाहेरचा मुलगा स्पीकरवरून हिंट देतो. अशा तीन हिंट मिळतात.

पहिली पंचवीस मिनिटं झकास गेली. मग एका पेटीपाशी गाडं अडलं. तीन आकडी कुलूप. नातू म्हणाला, ०००पासून ९९९पर्यंत सगळे आकडे लावून बघू. नातीने तिथल्या तिथे हिशेब केला: एकाला दोन सेकंद धरले तरी तेहतीस मिनिटं! आकडे तर आमच्याकडे होते. कैद्याने भिंतीवर दिवस मोजायला मारलेल्या रेघा मोजून झाल्या होत्या. पण कुलूप काही उघडेना. नातीने दोनदा हात वर करायला घेतला आणि दोन्ही वेळा मुलाने तो खाली केला. "हिंट नको. आपलं आपण सोडवू."

त्याचा तो चेहरा मी ओळखते. (नातेवाईक वाचतात म्हणून सांगते, पुढचं त्याला विचारूनच लिहितेय.) दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली, तेव्हा चार महिने त्याने घरात कुणाला कळू दिलं नाही. रोज डबा घेऊन निघायचा. दिवसभर कुठे बसायचा ते मी अजून विचारलेलं नाही. सूनबाईला कळलं ते बँकेचा हप्ता थकल्यावर. कळल्यावर तिच्या मामांनी आठवड्याभरात दोन ठिकाणी शब्द टाकला, एका ठिकाणी काम झालंही. चार महिने ज्याला कुलूप होतं ते आठ दिवसांत उघडलं.

ही सवय कुठून लागते? आपल्या शाळांतूनच, असं माझं मत आहे. साठ मुलांच्या वर्गात "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "हो बाई". न समजलेला हात वर करत नाही, कारण मागचा बाक हसतो. परीक्षेत शेजाऱ्याला विचारलं तर ती कॉपी. मग मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की विचारणं म्हणजे एकतर ढपणा, नाहीतर लबाडी. मुलग्यांच्या डोक्यात जरा जास्तच. मोठेपणी ते दवाखान्यात उशिरा जातात, कर्जाबद्दल उशिरा बोलतात.

आता कुणी म्हणेल, लगेच हिंट घेतली तर मजा काय राहिली? खरं आहे. पाचव्या मिनिटाला हात वर करणाऱ्याने तिकीट काढूच नये. डोकं खाजवण्यातच गंमत आहे. पण जवळचं सगळं करून झालं, तेच तेच आकडे पुन्हा फिरवायला लागलो, की ती जिद्द नव्हे. तो नुसता वेळ जाणं झालं. शेवटी मीच हात वर केला. स्पीकरवरून एवढंच आलं, "आडव्या रेघेलाही मोजा." चार उभ्यांवर मारलेली आडवी रेघ आम्ही नुसती खोडलेली समजत होतो. अर्ध्या मिनिटात पेटी उघडली.

एक गोष्ट मात्र आत शिरण्याआधीच विचारा. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधल्या कोशालिन गावात अशाच खोलीत पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. एकीचा वाढदिवस होता. आग लागली आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर तिथल्या सरकारने अशा जागांची तपासणी केली, कित्येक बंद केल्या. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "दार खरंच बंद असतं का रे?" त्याने दाखवलं: विजेच्या चुंबकाचं कुलूप, वीज गेली की आपोआप सुटतं, आणि आतून दाबायला दारालगत बटण. मी ते स्वतः दाबून पाहिलं, मगच नातवंडांना आत सोडलं. मुलगा म्हणाला, "आई, किती चौकशा!" ज्या जागी असं दाखवायला काचकूच करतील, तिथून सरळ परत फिरा. पैसे गेले तर गेले.

दुसरी हिंट मुलाने स्वतः मागितली. चार मिनिटं राखून आम्ही सुटलो. बाहेर हिंट न घेता सुटलेल्यांची नावं एका फळ्यावर होती, त्यात आमचं नाव नाही म्हणून नातू भेळ येईपर्यंत फुगून बसला होता.